पावसाळ्यात कायटोसानच्या नॅनोतंतूंऐवजी मणी का येतात?

प्रश्न (रत्नागिरी)
मंडळी, कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसान पीव्हीएत (पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकात) मिसळून इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च दाबाच्या विजेने सुईतून द्रावणाची बारीक धार ओढून, नॅनोतंतूंची जंतुरोधक जाळी काढतोय. १८ किलोव्होल्ट, सुई ते फॉइल अंतर १० सेंमी, द्रावणाचा प्रवाह ताशी १ मिली. पाऊस सुरू झाल्यापासून फॉइलवर मणी आणि ओले डाग. द्रावण तेच आहे.

मालवण
दादा, आधी हवा बघा. द्रावक मुख्यतः पाणी, म्हणून ८५ टक्के आर्द्रतेत धार वाटेत सुकत नाही; तंतू ओलेच पोचतात नि एकमेकांना चिकटतात. पेटी बंद करून कोरडी हवा सोडा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. अंतर १५ सेंमी, प्रवाह ०.३ ते ०.५ मिली. फार कोरडं केलंत तर सुईच्या टोकाशीच द्रावण सुकतं. पेटीत हात घालण्याआधी वीज बंद करून सुईला अर्थिंगचा दांडा टेकवा, हे विसरू नका.

दापोली
द्रावणही तपासा. पीव्हीए १० टक्के, ९० अंशांवर पूर्ण विरघळवून थंड केलेलं. कायटोसान २ टक्के, पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये, गाळून. मिश्रण पीव्हीए ८० : कायटोसान २०. कायटोसान वाढवलं की धनभारित साखळ्या एकमेकींना ढकलतात, धार तुटते.

रत्नागिरी
जाळी पाण्यात विरघळते. साखळ्या एकमेकींना जोडून ती पक्की करायला ग्लुटारल्डिहाइड या रसायनाची वाफ चालेल?

दापोली
चालेल, पण उरलेलं ग्लुटारल्डिहाइड स्वतःच जंतू मारतं. जाळी नीट धुवा, आणि तशीच वाफ दिलेली नुसत्या पीव्हीएची जाळी तुलनेला ठेवा. तिच्याभोवतीही जंतू मेले, तर श्रेय कायटोसानचं धरू नका.