महावितरणने पुढच्या 25 वर्षांची वीज आत्ताच बांधून ठेवावी का?

मैलाचा_दगड (धागाकर्ता)

2024 मध्ये महावितरणने एकाच निविदेत 5000 मेगावॅट सौर आणि 1600 मेगावॅट औष्णिक (कोळशाची) वीज 25 वर्षांसाठी घ्यायचं ठरवलं. दर 4.08 रुपये युनिट. तेव्हा सगळा वाद झाला तो कंत्राट कुणाला मिळालं यावर. माझा आक्षेप वेगळा आहे. इतकी मोठी आणि इतकी लांबची बांधिलकी एका फटक्यात करूच नये, कोळशाची तर नाहीच.

दाभोळचा एन्रॉनचा वीज प्रकल्प आठवा. 1993 मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारलं. सतत चालवायच्या संचासाठी एलएनजी (आयात केलेला द्रवरूप वायू) हे इंधन महागात पडेल, असं तिचं म्हणणं होतं. तरीही करार झाला. 1995 ला तो रद्द केला, पुन्हा बोलणी केली आणि 1999 ला 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज उचला किंवा उचलू नका, स्थिर आकार भरायचाच, तोही डॉलरशी बांधलेला. उचल कमी झाली की युनिटचा दर चढायचा. काही महिन्यांत तो 7 रुपयांच्या वर गेला. 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

मागणीचा अंदाज चुकणारच, ती कुणाची लबाडी नसते. पण 25 वर्षांच्या करारात ती चूक ग्राहकाच्या बिलात कायमची येऊन बसते. गेल्या दशकात आपल्याकडे वीज जास्त झाली तेव्हा महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचे संच रिझर्व्ह शटडाउनला, म्हणजे मागणी नाही म्हणून बंद, उभे होते. त्यांचा स्थिर खर्च चालूच होता आणि तो आपणच भरला.

म्हणून म्हणतो, लहान लहान टप्प्यांत घ्या. सौर, वारा, बॅटरी दीड-दोन वर्षांत उभी राहते. कोळशाच्या संचाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि तोवर गरजच बदललेली असते.

शिफ्ट_इंजिनिअर

पूर्ण असहमत. एन्रॉन सगळ्यांना आठवतो, एन्रॉननंतर काय झालं ते कुणाला आठवत नाही.

खापरखेड्याचा 210 मेगावॅटचा चौथा संच 2001 च्या सुमारास आला. त्यानंतर औष्णिकचा पुढचा संच आला तो 2007 मध्ये, परळीला, 250 चा. मधली वर्षं कोरडी गेली. हात पोळलेले होते, मोठ्या करारावर सही करायला कुणी पुढे येत नव्हतं. 2005 मध्ये मंडळाचे तुकडे झाले तेव्हा राज्यात हजारो मेगावॅटची तूट होती आणि खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन.

मी तेव्हा सबस्टेशनला होतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी (50 हर्ट्झ हवी) 49 च्या खाली घसरायला लागली की कळव्याहून लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याच्या भार नियंत्रण केंद्राचा, निरोप यायचा, इतके मेगावॅट बंद करा. मग आम्ही बंद करायचा फिडर (वीजवाहिनी) निवडायचो. कुठला काढायचा? गावात बारावीची परीक्षा चालू आहे, दुसऱ्या फिडरवर ग्रामीण रुग्णालय आहे, तिसऱ्यावर पाणीपुरवठ्याचा पंप. लोक सबस्टेशनवर चाल करून यायचे, मार ऑपरेटर खायचा. त्या वर्षांत किती पिठाच्या गिरण्या, किती यंत्रमाग बसले याचा हिशोब कुठल्याही वीजबिलात नाही. जादा क्षमतेचा खर्च बिलात दिसतो म्हणून तो टोचतो. टंचाईचा खर्च दिसत नाही, म्हणून तुम्ही तो धरतच नाही.

आणि टंचाईत वीज स्वस्त मिळत नाही. एप्रिल 2022 ला उन्हाळा कडक, कोळसा कमी. एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खुल्या बाजारात, भाव इतका भडकला की केंद्रीय वीज नियामक आयोगाला युनिटला 12 रुपयांची मर्यादा घालावी लागली. करार नसलेल्याने त्या भावाने घ्यायची, नाहीतर फिडर काढायचे. आज महावितरणची कमाल मागणी 25 हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. सूर्य मावळल्यावर ती कशावर भागवणार ते आधी सांगा, मग कोळशाला नाही म्हणा.

बांधावरून

मी जुन्नर भागातला. आमच्याकडे आठवड्याची पाळी असते, काही दिवस दिवसा थ्री फेज, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला उसात पाणी धरायला जायचं म्हणजे बिबट्या आणि साप. म्हणून लोक मोटारीला ऑटो स्विच बसवतात. मग थ्री फेज येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळतो. पुढे नवा डीपी येईपर्यंत पीक करपतं.

सौर कृषी वाहिनी 2017 ला सुरू झाली, 2023 ला दुसरा टप्पा आला. शेजारच्या गावच्या फिडरला दिवसा वीज मिळते, तिथला माणूस रात्री झोपतो. आमच्या फिडरला अजून गायरानाच्या जागेचं ठरत नाही. तुम्ही दोघं मेगावॅट बोलताय, आमचं घोडं जागेवर आणि डीपीवर अडलंय.

कोराडीकर

शिफ्ट_इंजिनिअर यांचं दुःख खरं आहे, पण दर वेळी क्षमता वाढवायची ती विदर्भातच का? जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतात शिरलं. वर्ष उलटत नाही तोच मे 2023 मध्ये कोराडीला आणखी 660 च्या दोन संचांची जनसुनावणी लावली, ऐन उन्हात. वीज राज्याला, राख आम्हाला. हा खर्च 4.08 मध्ये धरलाय का?

मैलाचा_दगड

@शिफ्ट_इंजिनिअर, टंचाईचा खर्च मी नाकारत नाही. पण कोळसा म्हणजे हमखास वीज, हे तुम्ही गृहीत धरता. 2015 च्या दुष्काळात परळीचे सगळे संच पाण्याअभावी बंद पडले. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा चंद्रपूरचेही संच बंद करावे लागले. तुम्ही सांगताय ती एप्रिल 2022 ची टंचाईसुद्धा कोळशाचीच होती. संच उभे होते, इंधन नव्हतं.

आणि @बांधावरून यांनी जे सांगितलं त्यातच नियोजनाची मेख आहे. राज्यातले चाळीस-पंचेचाळीस लाख कृषिपंप दिवसाच्या विजेवर गेले, तर रात्रीची मागणी उतरते. मग कमी पडतात ते संध्याकाळचे चार-पाच तास. त्यासाठी चोवीस तास चालणारा संच 25 वर्षांसाठी घ्यायचा? दुपारी सौर भरपूर असताना तो बंदही करता येत नाही, 55 टक्क्यांखाली उतरवणं अवघड.

शिफ्ट_इंजिनिअर

संध्याकाळचे चार तास बॅटरी भागवेल, मान्य. आता ऑक्टोबर घ्या. पावसाळ्यातला वारा पडलेला असतो, उकाडा चढलेला, रब्बीच्या मोटारी सुरू. ओल्या खाणींतून कोळसा नीट येत नसतो, 2021 चा ऑक्टोबर विसरू नका. एखादा आठवडा ढग राहिले तर बॅटरी भरणार कशावर? घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन (पाणी वर चढवून साठवायचं, गरजेला सोडून वीज करायची) प्रकल्प 2008 ला आला. 2023 मध्ये हजारो मेगावॅटच्या उदंचनाचे सामंजस्य करार झाले, पण कराराच्या कागदावर टर्बाइन फिरत नाही.

मैलाचा_दगड

ऑक्टोबरला कोयना धरण भरलेलं असतं. 1960 मेगावॅट, आणि काही मिनिटांत भार उचलणारे संच. तेव्हा कोयनेची वीज हात राखून का वापरायची?

शिफ्ट_इंजिनिअर

कारण कोयनेच्या पाणीवाटपाचं तांत्रिक वर्ष 31 मेला संपतं आणि विजेसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याचा वर्षाचा कोटा 67.5 टीएमसी. ऑक्टोबरात उधळलं तर एप्रिल-मेला हात हलवत बसायचं.

कोराडीकर

म्हणजे तुमच्या दोघांच्या वादाचा निकाल तासातासाच्या आकड्यांवर आहे आणि ते आकडे आमच्यापुढे नाहीत. आमच्या सुनावणीत जाडजूड इंग्रजी अहवाल टेबलावर होता.

मैलाचा_दगड

अगदी. राज्य वीज नियामक आयोगाने 2024 मध्ये संसाधन पर्याप्ततेचे (मागणीला पुरेल इतकी वीज आधीच आखण्याचे) विनियम आणले, त्यामुळे महावितरणला पुढच्या वर्षांचं नियोजन मांडावंच लागतं. त्यावर हरकत पाठवणार आहे. मागणी एवढीच: प्रत्येक महिन्याचा तासागणिक अंदाज मराठीत जाहीर करा, आणि कृषिपंप दिवसावर गेले तर व न गेले तर, असे दोन वेगळे तक्ते द्या. ज्यांना मुद्दे जोडायचे त्यांनी इथे लिहा.

शिफ्ट_इंजिनिअर

माझा घाला. नाशिक, खापरखेडा, कोराडीचे जुने 210 चे संच बॅटरी प्रत्यक्ष जोडली जाईपर्यंत भंगारात काढू नका. महाग पडतात हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबर आणि एप्रिलपुरते चालवा.

बांधावरून

आणि डीपी जळाल्यावर तो किती दिवसांत बदलणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.