हायकोर्ट जजची परीक्षा कोणती असते? पोरीले व्हायचं आहे

दारव्ह्याचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. पोरगी यवतमाळले एलएलबी करून रायली, दुसरं वर्ष आहे. धरणात गेलेल्या वावराच्या मोबदल्याची आमची अपील मुंबई हायकोर्टाच्या नागपूर बेंचले पडून आहे, तारखेले ती मायासंग येते, अन् आता म्हणते बाबा मले तिथंच जज व्हायचं आहे. घरात कोणी वकील नाही. गावात एक जण म्हणते एमपीएससी, दुसरा म्हणते परीक्षाच नसते, तिसरा म्हणते ओळख लागते. क्लासची फी भरतो मी, पण खरं काय ते सांगा.

वकील_अचलपूर
भाऊ, हायकोर्ट जजसाठी परीक्षा नसते, अर्जही करता येत नाही. घटनेच्या कलम २१७ प्रमाणे हायकोर्टात किमान १० वर्षं वकिली पाहिजे, नाहीतर १० वर्षं न्यायाधीशाची नोकरी. मग हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती अन् दोन सीनियर जज नाव पाठवतात, ते सरकार, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम (सरन्यायाधीश अन् सीनियर जजची निवड समिती) असं फिरत फिरत राष्ट्रपतींच्या सहीले जाते. आपले अमरावतीचे भूषण गवई साहेब पाहा, १९८५ ले वकिली सुरू, १९९० नंतर बहुतेक काम नागपूर बेंचलेच, महापालिकेचे, विद्यापीठाचे वकील राहिले, २००० मध्ये बेंचचे सरकारी वकील अन् नोव्हेंबर २००३ मध्ये जज. पुढे २०१९ ले सुप्रीम कोर्ट, मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश. जज होण्याच्या आधीची अठरा वर्षं वकिलीतच गेली.

वऱ्हाडी_माणूस
गवई साहेबांबद्दल आदर आहेच, पण वडील दादासाहेब विधान परिषदेचे सभापती राहिलेले. शेतकऱ्याच्या पोरीले नागपुरात सीनियर कोण उभं करन?

शिरस्तेदार_रिटायर
हा प्रश्न रास्त आहे. म्हणून दुसरा रस्ता सांगतो, आयुष्य कोर्टातच गेलं माझं. एमपीएससीची दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरची परीक्षा आहे, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्याले ३ वर्षं वकिली लागते. पण तिथून वर चढता चढता बरेच जण जिल्हा न्यायाधीश असतानाच रिटायर होतात. ७ वर्षं वकिली करून थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षाही देता येते, ती हायकोर्ट घेते. परतवाड्याच्या पुष्पा गनेडीवाला मॅडम तशाच २००७ ले लागल्या अन् २०१९ ले नागपूर बेंचवर अतिरिक्त न्यायमूर्ती झाल्या. पण अतिरिक्त म्हणजे कायम नाही हे पोरीले आत्ताच सांगून ठेवा. २०२१ मध्ये त्यांचे पोक्सोचे (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचे) निकाल वादात गाजले, कायम केलं नाही, २०२२ ले राजीनामा दिला. एका निकालावर लोकाची जिंदगी असते अन् जजचीही.

अजून एक. सेकंड अपीलमध्ये, म्हणजे खालच्या दोन कोर्टांचे निकाल झाल्यावरच्या अपीलमध्ये, हायकोर्ट फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न पाहते, साक्षीपुरावे खालच्या कोर्टात होऊन गेलेले असतात. धुऱ्याच्या (बांधाच्या) वादात मोजणीचा नकाशा एक सांगते, फेरफार दुसरंच, अन् साक्षीदार म्हणते बोरीच्या झाडापासून आमचं वावर. हे सारं उलटतपासणीत नीट नाही आलं तर नागपूरले कितीही मोठा वकील उभा करा. ज्या पोरीनं सातबारा घरात पाह्यला तिले हे लवकर समजते, म्हणून सुरुवात तालुक्यातच करू द्या.

दारव्ह्याचा_शेतकरी
वकील साहेब, मग क्लास लावू का नको? अन् तालुक्यात राहिली तर हायकोर्टातली वकिली कशी मोजन?

वकील_अचलपूर
आत्ता क्लास नको. आधी एलएलबी, मग बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना), ऑल इंडिया बार एक्झाम. शिरस्तेदार साहेबांचं पटते मले, दोन-तीन वर्षं दारव्ह्याले दिवाणी काम शिकू द्या, मग नागपूर. घरात वकील नसणं जड जाते, खोटं नाही सांगत, ज्युनियरले सुरुवातीले पैसे नसल्यासारखेच भेटतात, तर क्लासची फी वाचवून तिच्या नागपूरच्या खोलीभाड्यासाठी ठेवा. अन् पुढच्या तारखेले आपलं मॅटर झाल्यावर लगेच एसटी नका धरू, संध्याकाळपर्यंत तिले कोर्टात बसू द्या.