नाताळचा कार्यक्रम, वर्गणी आणि चोवीस तारीख

ब-६०४
नमस्कार. २४ डिसेंबरला सायंकाळी क्लब हाऊसमध्ये नाताळचा कार्यक्रम करण्याचे आणि त्याचा खर्च सांस्कृतिक निधीतून भागवण्याचे सोसायटीच्या समितीने परवा परस्पर जाहीर केले. मुलांच्या आनंदाला माझा विरोध नाही. परंतु एखाद्या धर्माचा सण ‘सांस्कृतिक’ या शीर्षकाखाली साजरा करताना त्यातला धर्म नेमका कुठे जातो, हे कुणी तरी समजावून सांगावे.

अ-२०३
काका, प्रश्न रास्त आहे. मी स्वतः देव मानत नाही, तरीही गणपतीचे दहा दिवस आरतीला टाळ वाजवायला सर्वांत आधी उभा असतो, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी जाब विचारलेला नाही. नाताळातील ज्या गोष्टी आपण करणार आहोत, त्यांपैकी बहुतेकांचा बायबलशी संबंध नाही. सजवलेले झाड जर्मन मुलखातून आले, १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले आणि मग ते घरोघरी पोहोचले. उलट कडव्या प्युरिटन ख्रिस्त्यांनाच या सणाचे वावडे होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून पुढे बावीस वर्षे नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली.

आपल्या पुण्यालाही हा वाद नवा नाही. १८९० साली पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेत चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. (समितीने या वेळी कॉफी ठेवली आहे, हे येथे नमूद करतो.)

ड-१०१
सर्वांना नमस्कार. या विषयावर आमच्या घरातून काहीच आले नाही तर बरे दिसणार नाही, म्हणून लिहिते. झाड लावा, टोप्या घाला, आम्हाला त्याचा आनंदच आहे. फक्त यात धर्म नाहीच, असे कृपया म्हणू नका. आमच्याकडे त्या आठवड्यात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गोठा मांडला जातो, त्यातली गव्हाणी चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी असते आणि मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) परतल्यावर घरातले सर्वांत लहान मूल तिच्यात बाळ येशू ठेवते. आम्ही नाना पेठेतल्या सिटी चर्चला जातो. पेशव्यांच्या फौजेतील गोवेकर ख्रिस्ती सैनिकांसाठी सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ साली, दिलेल्या जागेवरचे ते चर्च आहे.

गेली चार वर्षे सोसायटीचा कार्यक्रम नेमका याच रात्री असतो. साडेदहाला आम्ही आवरून लिफ्टने खाली येतो, तेव्हा सांताक्लॉज दाढी हातात घेऊन वर जायला उभा असतो. तारीख ठरवताना आम्हाला एकदाही विचारले गेले नाही, याचे थोडे वाईट वाटते. खरे तर चर्चच्या हिशेबाने नाताळ २५ तारखेला सुरू होतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. दुकानदार झाडे उतरवू लागतात, तेव्हा आमचा सण ऐन भरात असतो. कार्यक्रम २७ ला ठेवल्यास आम्ही पाचही जण येऊ, आणि मी मुलांना कुलकुल हा नाताळचा गोड पदार्थ वळायला शिकवेन. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारख्या रेघा उठतात. तळण्याचे काम मात्र मोठ्यांनी करायचे.

अ-२०३
वहिनी, चूक मान्य आहे. झाड कुठून आले याचा शोध मी घेतला, परंतु एकाच सोसायटीत राहूनही तुमच्या घरी त्या रात्री काय असते, हे विचारले नाही. माझ्या आईचे करंजीचे कातणे दर डिसेंबरात नेवऱ्यांसाठी तुमच्याकडे येते आणि ताटभर नेवऱ्यांसह परत येते, एवढीच आमची माहिती होती.

ब-६०४
ड-१०१ च्या ताईंचे म्हणणे मला पटले, कारण त्यांनी माझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. धर्म आहे, तो त्यांच्या घरी आहे, आणि क्लब हाऊसमध्ये आपण पाहुणे म्हणून त्यांच्या सणात सामील होत आहोत. तारीख बदलावी. वर्गणीबाबत मात्र माझे मत कायम आहे. निधीला हात न लावता ज्याला द्यायची त्याने द्यावी, आणि हाच नियम पुढच्या वर्षी गणपतीलाही लागू करावा.

सचिव
गणपतीच्या वर्गणीचा विषय वार्षिक सभेत घेऊ, येथे तो सुरू झाल्यास पाडव्यापर्यंत संपणार नाही. नाताळचा कार्यक्रम २७ डिसेंबरला सायंकाळी साडेपाच वाजता होईल आणि वर्गणी ऐच्छिक राहील. गेल्या वर्षी थर्माकोलच्या बर्फाने गच्चीची पन्हाळी तुंबली होती, म्हणून यंदा बर्फ नाही. कुलकुलांसाठी मैदा, नारळाचे दूध आणि पंधरा काटे लागतील, असे ड-१०१ ने कळवले आहे.

ब-६०४
काटे माझ्याकडे सहा आहेत. स्टीलचे आहेत, नावे घातलेली आहेत, परत मिळावेत.