रेडिएटरमधली हवा घरी काढता येईल का? बजेट ८०० रुपये

साताररस्ता: मंडळी, १२ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या आठवड्यात रेडिएटरचा वरचा होजपाइप फुटला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नवा टाकला, कूलंट ओतलं आणि चावी हातात दिली. तेव्हापासून डॅशबोर्डमागे गुडगुड आवाज येतो, हीटर लावला तर गार वारा. सिग्नलला तापमानाचा काटा वर चढतो आणि मग एकदम खाली पडतो. तो म्हणतो, "चालवत राहा, आपोआप निघेल." रविवारी कोल्हापूरला जायचंय, म्हणजे खंबाटकी घाट आला. काय सामान घेऊ? ८०० च्या वर जायचं नाही.

घाटमाथा: एअर लॉक, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा अडकलीय. व्हॅक्यूम फिलर घ्या, आतली हवा ओढून कूलंट भरतो, डोळे झाकून. मला साडेपाच हजारांना पडला, कॉम्प्रेसर घरी होताच. आता सोसायटीतल्या चार गाड्या माझ्याकडेच येतात.

अण्णा५५: थर्मोस्टॅट, तो कूलंटची वाट उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून द्या. माझी गाडी नऊ वर्षं त्याच्याशिवाय पळतेय, काटा हलत नाही.

दहाचापाना: अण्णा, काटा हलत नाही कारण इंजिन कधी नीट तापतच नाही. ॲव्हरेज किती देते?

अण्णा५५: ॲव्हरेज मोजणाऱ्यांनी सायकल घ्यावी.

कोथरूडी: मला वाटतं एअर लॉक असावा. एक सांगतो, गरम इंजिनवर झाकण उघडू नका. मी उघडलं होतं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की सगळं अंगावर. मनगटावरचा डाग अजून आहे.

दहाचापाना: धागाकर्ते, हे करा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. तोंड चढाकडे करून लावा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल आणि हवा तिकडे सरकेल. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, एसी बंद. काही गाड्यांत हीटरच्या पाइपवर व्हॉल्व्ह असतो, नॉब गारवर राहिला तर तिथली हवा तिथेच. थर्मोस्टॅट बसतो त्या डबीवर ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, असेल तर तो सैल करून सलग धार येईपर्यंत भरा. नसेल तर झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, तेव्हा पातळी गपकन खाली जाते. भरत राहा. जाड कापड धरून वरचा पाइप दाबा-सोडा, पंख्यापासून हात लांब. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. अर्ध्या तासानंतरही बुडबुडे थांबत नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) तपासून घ्या, मग घाट विसरा.

घाटमाथा: एवढा उद्योग करण्यापेक्षा व्हॅक्यूम फिलर.

मिरजमेल: कूलंट कशाला? आमचे वडील विहिरीचं पाणी घालायचे.

कोथरूडी: आणि रेडिएटर किती वर्षांनी बदलायचे? क्षारांनी नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं. तयार मिसळलेला कॅन असेल तर त्यात पुन्हा पाणी नको.

मिरजमेल: वडील बैलगाडी पण हाकायचे, तिला काहीच लागायचं नाही.

दहाचापाना: झाकणाचं रबरही बघा. चिरलेलं असेल तर गाडी थंड होताना हवा परत आत ओढली जाते.

फनेलप्रेमी: पारदर्शक फनेलचा संच मागवा, झाकणाच्या जागी घट्ट बसतो. १८०० ला घेतला. ८०० मध्ये दर्जेदार काही मिळत नाही.

साताररस्ता: सगळ्यांचे आभार. काहीच मागवलं नाही. पाण्याची बाटली बुडाकडून कापली, तोंडाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून रेडिएटरच्या तोंडात खुपसली आणि गाडी सोसायटीच्या रॅम्पवर उभी केली. पंखा दोनदा लागेपर्यंत पाऊण लिटर आत गेलं. हीटर आता चटका देतो, गुडगुड बंद. झाकणाचं रबर चिरलेलंच होतं, तेवढं नवं घेतलं. आज सकाळी पातळी बोटभर उतरलेली दिसली, भरली.

दहाचापाना: पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरते. पण रविवारआधी एकदा कात्रज घाट चढून या. उद्या परत उतरली तर जाऊ नका.

साताररस्ता: वेळ नाही हो. पाच लिटरचा कॅन डिकीत टाकलाय, थेट खंबाटकीच.

अण्णा५५: थर्मोस्टॅट काढला का?

घाटमाथा: फनेल कुठून घेतलं, लिंक द्या ना.