गायमुखच्या चढाला पहिला गिअर की दुसरा? आणि मोठे टायर टाकून अ‍ॅव्हरेज वाढतं का?

घोडबंदरकरीण

मंडळी, गिअरबॉक्समधलं खरंच कळणाऱ्यांनी लिहा. 'गाडी विका, ट्रेनने जा' वाल्यांनी कृपया दुसरा धागा बघावा. मीरा रोडला ठाण्याहून थेट ट्रेन जात नाही.

राहते कासारवडवलीला, बँकेची शाखा मीरा रोडला, म्हणजे रोज घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ. गाडी १.२ लिटर हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी, पाच गिअर मॅन्युअल. त्याआधी बरीच वर्षं बाबांची १.३ डिझेल चालवली, त्यामुळे पाय डिझेलचाच आहे. तर प्रश्न असे:

गायमुखच्या चढाला ट्रक आणि कंटेनरच्या मागे गाडी १०-१२ च्या स्पीडने सरकते. दुसऱ्यात ठेवली तर थरथरते, स्टिअरिंगपर्यंत जाणवतं. पहिल्यात टाकली तर इंजिन बोंबलतं आणि नवरा शेजारून म्हणतो, "पहिल्यात रेटून पेट्रोल जाळतेस." (जळतो सीएनजी, पण असो.) डिझेलला हे दुखणं नव्हतं, दुसऱ्यात मुकाट चढायची.

दुसरं, माहेर नाशिकचं. आता आमण्याहून समृद्धीला लागतो. टॉपमध्ये (पाचव्यात) १०० ला आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा, काटा पावणेतीन हजारांच्या आसपास असतो. डिझेलचा सव्वादोन हजारांवर असायचा. म्हणजे ही गाडी उगाच जास्त पितेय का? कंपनीने सहावा गिअर का नाही दिला?

तिसरं, टायर बदलायचे झालेत. दुकानदार म्हणतो, "मॅडम, १८५ काढा, १९५ टाका. चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त अंतर, अ‍ॅव्हरेज वाढणारच." ऐकायला पटतं, म्हणूनच शंका येतेय.

पामबीच_पायलट

१९५ टाका बिनधास्त. मी टाकलेत, गाडी रोडला चिकटून चालते. अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर घाट उतरताना न्यूट्रल मारा, फुकटात उतरते. आमचे सगळे ड्रायव्हर तेच करतात.

दातेरी_चाक

न्यूट्रलबद्दल शेवटी बोलतो, नाहीतर आधी भांडण होईल.

माझी उमेद वागळे इस्टेटमध्ये हॉबिंग मशीनसमोर गेली, गिअरचे दाते कापण्यात. ताई, तुमच्या गाडीचे नेमके आकडे मॅन्युअलमध्ये बघा. मी या वर्गातल्या गाड्यांना शोभतील असे आकडे हिशोबासाठी धरतो.

पहिल्या गिअरला समजा ११ दात्यांचं पिनियन (लहान चाक) आणि ३९ दात्यांचं मोठं चाक. ३९ भागिले ११, म्हणजे रेशो ३.५४५. इंजिनकडचा शाफ्ट साडेतीन वेळा फिरला की पुढचा एकदा फिरणार. लोक विचारतात, सरळ १० आणि ४० का नाही करत? तसं केलं तर पिनियनचा एक दाता जन्मभर त्याच चार दात्यांना भेटत राहील. एकावर ओरखडा असला की तो त्या चौघांनाच खाणार. ११ आणि ३९ ला सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दाता पाळीपाळीने समोरच्या सगळ्या ३९ दात्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यापुढे डिफरन्शियलची, म्हणजे चाकांकडे जाणारी शेवटची दातेरी जोडी, समजा १६ आणि ६५, म्हणजे ४.०६. दोन्हींचा गुणाकार केला की पहिल्यात एकूण १४.४. तुमचा १८५/६५ आर १५ टायर (१८५ मिमी रुंद, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर जातो. आता हिशोब सोपा आहे: इंजिनच्या दर १००० आरपीएमला पहिल्यात गाडी ताशी ८ किमी जाते. दुसऱ्याचा रेशो १.९ धरला तर १५ किमी, तिसऱ्यात साडेबावीस, चौथ्यात ३०, आणि टॉपचा ०.७९५ धरला तर ३६.

गायमुखला तुम्ही १२ ने चालता. दुसऱ्यात १२ म्हणजे ८०० आरपीएम. हे जवळपास आयडलिंग झालं! एवढ्या कमी फेऱ्यांत चार सिलिंडरचे ठोके सुटेसुटे पडतात, त्यात चढाचा भार, म्हणून थरथर. क्लचची प्लेट, इंजिन माउंटिंग, सगळं त्यात मार खातं. पहिल्यात १२ म्हणजे १५०० आरपीएम. १५०० म्हणजे काही बोंबलणं नव्हे हो, इंजिन आत्ता कुठे जागं होतंय. तुम्हाला आवाज जास्त वाटतो कारण पाय आणि कान डिझेलचे आहेत. २० च्या खाली पहिलाच. २० च्या वर सरकायला लागली की दुसरा टाका, तेव्हा दुसऱ्यात तेराशेच्या वर मिळतात. हाफ क्लचवर दुसरा धरून ठेवायचा मात्र नाही, त्यात इंधनही जातं आणि प्लेटही.

पहिला आणि दुसरा यांच्यात ही दरी का ठेवली, हा पुढचा प्रश्न येणार. बघा: पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ३००० चे १६०० होतात, चौथ्यातून टॉपमध्ये जाताना ३००० चे २४६०. खाली मोठ्या पायऱ्या, वर लहान. कारण वर हवेचा विरोध असतो, तिथे गिअर बदलताना इंजिन फार खाली पडलं तर गाडी दम सोडते. आणि पहिला गिअर भरलेली गाडी खड्ड्यातून, उभ्या चढावरून उचलायची म्हणून मुद्दाम मोठ्या रेशोचा ठेवलेला असतो. पाचच गिअरमध्ये दोन्ही टोकं साधायची तर मधे कुठेतरी भगदाड पडणारच. तुमच्या नशिबी ते नेमकं गायमुखच्या स्पीडला पडलंय.

बाबांच्या गाडीचं म्हणाल, तर ते १.३ डिझेल २००० आरपीएमलाच १९० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) द्यायचं. तुमचं १.२ पेट्रोलवर ११३ च्या आसपास देतं, सीएनजीवर ९८, आणि तेही ४००० च्या पुढे. वायू आत शिरताना हवेची जागा खातो, त्यामुळे ताकद कमी होणारच. डिझेल फार फिरत नाही पण खालीच जोर देतं, म्हणून त्याला लांब गिअर (कमी फेऱ्यांत जास्त अंतर कापणारे) चालतात. तेच गिअर तुमच्या गाडीला लावले तर गायमुखला उतरून ढकलावी लागेल.

घोडबंदरकरीण

काका, प्रिंट काढून नवऱ्याला दिली! पण समृद्धीचं राहिलं. १०० ला पावणेतीन हजार म्हणजे जास्त फेरे, जास्त फेरे म्हणजे जास्त इंधन, असंच ना?

दातेरी_चाक

अर्धं बरोबर.

सपाट रस्त्यावर, तुमच्यासारखी १२०० किलोची गाडी १०० ने पळवायला हवा आणि टायरचं घर्षण मिळून अंदाजे १३-१४ किलोवॅट लागतात, म्हणजे १८ अश्वशक्ती. गिअर कुठलाही असो, मागणी तेवढीच. रेशोने ताकद निर्माण होत नाही. कमी टॉर्क आणि जास्त फेरे, की जास्त टॉर्क आणि कमी फेरे, एवढीच निवड रेशो करतो.

मग फरक कुठे पडतो? पेट्रोल आणि सीएनजी इंजिनात अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (हवेच्या झडपेतून) हवा ओढायलाच बरीच ताकद जाते. नाक दाबून जिना चढण्यासारखं आहे ते. गिअर लांब असला की तेवढ्याच कामाला पॅडल जास्त दाबावं लागतं, थ्रॉटल उघडतो, नाक मोकळं होतं. शिवाय फेरे कमी म्हणून आतलं घर्षण कमी. डिझेलला हवा अशी गळा दाबून द्यायची नसते, म्हणून कमी भारावरही ते काटकसरी. तेव्हा सहावा गिअर असता तर सपाटीला थोडा फायदा झाला असता, हे मान्य.

आता आमण्याहून इगतपुरीकडे चढायला लागा. १०० मीटरला ३ मीटरचा चढ धरा. त्यासाठी वर आणखी साधारण १० किलोवॅट. टॉपमध्ये पावणेतीन हजारांवर सीएनजी इंजिनाचा जवळजवळ सगळा जोर तिथेच संपतो. चार माणसं आणि डिकीत सामान असलं की स्पीड उतरायला लागतो आणि तुम्ही चौथा टाकता. बरोबर? चौथ्यात तोच स्पीड, पण फेरे ३३५०, म्हणजे हाताशी ताकद जास्त. याहून लांब टॉप दिला असता तर तो सपाटी सोडून कुठे लागलाच नसता. आणि लोकांनी 'पिकअप नाही' म्हणून शोरूमला शिव्या घातल्या असत्या.

कंपनी लिहिते त्या अ‍ॅव्हरेजचा भारतीय चाचणी-चक्रातला कमाल स्पीड ९० आहे, सरासरी तर शहरातल्यासारखीच. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे. ज्याला १२० ने जाऊन पुस्तकातलं अ‍ॅव्हरेज हवंय त्याने देवाला नवस बोलावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० ला १०० धरलात तर १०० ला १५६, १२० ला २२५. मी सुनेला एकच सांगतो, सहाव्या गिअरची हळहळ करण्यापेक्षा ९० ने चल, त्याच टॉपमध्ये फेरे अडीच हजारांवर येतात आणि हवाही सुसह्य होते.

ऐरोलीकर_एएमटी

काका, +१. माझी एएमटी (आपोआप गिअर बदलणारी) आहे, मुलुंड-ऐरोली पुलाच्या चढाला ती हट्टाने वरचा गिअर टाकते आणि मग विचार करत बसते. अ‍ॅव्हरेजसाठी तिला तसंच पढवलेलं असतं का?

दातेरी_चाक

हो. गिअरबॉक्स तोच, क्लच आणि काडी हलवायला मोटर किंवा हायड्रॉलिक बसवलेलं. लवकर वरचा टाकायची सवय अ‍ॅव्हरेजपोटी. चढाला काडी मॅन्युअलकडे ढकला आणि दुसरा-तिसरा स्वतः धरा. त्यासाठीच दिलंय ते, पण निम्मे लोक गाडी विकेपर्यंत वापरत नाहीत.

आता टायर. दुकानदार बोलतोय त्यात तथ्य एवढंच की मोठा टायर म्हणजे लांब केलेला रेशो. १९५/६५ आर १५ चा व्यास तुमच्यापेक्षा २ टक्के जास्त. १०० ला २७५० ऐवजी २७०० फेरे, बस. बदल्यात पहिल्या गिअरचा जोरही २ टक्के गेला, तोही गायमुखला, जिथे तुम्ही आधीच रडताय. टायर जड आणि रुंद, त्याचं घर्षण वेगळं. आणि खरी गंमत मीटरमध्ये आहे: चाकाचे फेरे मोजून मीटर किलोमीटर दाखवतो, त्याला टायर मोठा झाल्याचं कोण सांगणार? १०० किमी गेलात तर तो ९८ दाखवेल. किलोला २५ खरे मिळत असले तरी तुमच्या वहीत साडेचोवीसच येणार. कुणी २०५/६५ टाकले (जुन्या इनोव्हाचा साइज, बसले तर) तर फरक ४ टक्के. तेव्हा पामबीचवाले, तुमचं अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर त्यातला थोडा भाग निव्वळ मीटरचा आहे. स्पीडचंही तेच. कंपनीचा काटा मुळात थोडा चढाच ठेवलेला असतो, ती शिल्लक मोठा टायर खाऊन टाकतो. पामबीचला कॅमेरे आहेत, सांभाळा.

ताई, १८५ च घ्या. हवा दरवाज्याच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी, पंधरा दिवसांतून एकदा तपासून.

पामबीच_पायलट

काका, टायरचं मान्य. पण न्यूट्रल? इंजिन फक्त आयडलिंगला चालतं, मग इंधन वाचणारच ना.

दातेरी_चाक

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे चालून जायचं, तेव्हाही ब्रेकच्या जिवावर. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर लावलेला आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला असला की ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात, इंधन शून्य. फेरे आयडलिंगच्या जवळ आले की पुन्हा सुरू करतो. न्यूट्रलमध्ये इंजिनला जिवंत राहायला तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतंच. म्हणजे न्यूट्रल मारून तुम्ही जास्त जाळताय, आणि इंजिनचा ब्रेक घालवून सगळा भार ब्रेक पॅडवर टाकताय. बोरघाटात तापलेल्या लायनरचा वास येतो ना, तो याच हुशारीचा. जुने ट्रकवाले ज्या गिअरला घाट चढायचे त्याच गिअरला उतरायचे.

घोडबंदरकरीण

काका, शेवटचं. चढाला सीएनजीवरून पेट्रोलवर घ्यावी का? नवरा म्हणतो, स्विच सारखं दाबून बिघडेल.

दातेरी_चाक

स्विच दाबायलाच दिलाय, चालू गाडीत बदलता येतो. गायमुखला गरज नाही, तिथे पहिला गिअर पुरतो. इगतपुरीच्या चढाला गाडी भरलेली असेल तर चढ लागायच्या आधी, सपाटीवरच पेट्रोलवर घ्या, म्हणजे टॉर्क ९८ चा ११३ होतो आणि टॉप जास्त वेळ टिकतो. वर पोचलात की परत सीएनजी. टाकीत पेट्रोल मात्र ठेवा. बहुतेक सीएनजीवाले राखीवच्या दिव्यावरच वर्ष काढतात, आणि पंपाला पेट्रोलमध्ये बुडून राहायची सवय असते, कोरडा चालला की तो जातो.