गुरूला मारल्याशिवाय हिरो मोठा होतच नाही का?

रातकिडा:
फँटसीत हे ठरलेलंच आहे. दाढीवाला म्हातारा येतो, पोराला घराबाहेर काढतो, थोडंफार शिकवतो आणि ऐन मोक्याला मरतो. लोक याला रडगाणं म्हणतात पण मला बरोबर वाटतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला म्हातारा जादूगार गँडाल्फ मोरियाच्या पुलावरून पडला नसता तर हिरो फ्रोडो शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसला असता. निर्णय सगळे गुरूने घ्यायचे तर मग हा हिरो कसला, हमाल!

पुस्तकवाळवी:
अहो पण गँडाल्फ परत येतो ना, तेही आधीपेक्षा पॉवरफुल होऊन. गुरू एवढा ताकदवान करून ठेवायचा की तो असला तर गोष्टच संपेल, मग त्याला उचलून बाजूला ठेवायचं. यात हिरोची वाढ कुठे आली, लेखकाची सोय झाली फक्त.

रातकिडा:
परत येतो, पण फ्रोडोला भेटतो का? थेट फ्रोडोला जी अंगठी नष्ट करायची असते ती नष्ट झाल्यावर! शत्रूच्या मोर्डोरमध्ये त्याच्यासोबत त्याचा मित्र सॅमच. गुरू लांब जाणं महत्त्वाचं.

पुस्तकवाळवी:
आधी मरणं, आता लांब जाणं. ठरवा एकदा काय ते 😄

उनाडटप्पू:
मध्येच बोलतो. उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेच्या पहिल्या पुस्तकातला (१९६८) गुरू ओगियन घ्या, तो मरत नाही की अडवत नाही. त्याच्या चेल्याला, गेडला, मंत्र शिकायची घाई आणि हा बाबा गप्प, पाऊस थांबवता येत असून खुशाल भिजतो. शेवटी गेड कंटाळून रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, तिथे फुशारकीपायी एक दुष्ट सावली सोडून बसतो आणि मग तिच्यापासून पळता पळता ससाणा होऊन परत येतो तो ओगियनकडेच. ओगियन काय सांगतो, तर पळू नकोस, उलट फिर आणि तूच तिच्या मागे लाग. बास.

पुस्तकवाळवी:
हेच म्हणतेय मी! आणि हॅरी पॉटरचा गुरू डंबलडोर सहाव्या भागात (२००५) मरतो पण हॅरी मोठा होतो तो सातव्यात, याने आपल्याला निम्मं सांगितलंच नव्हतं हे कळून डोकं फिरतं तेव्हा. गुरू मेल्याने नाही, गुरूवर राग आल्याने. न वाचलेल्यांनी माफ करा, एवढी वर्षं झाली आता.

रातकिडा:
डंबलडोर जिवंत असता तर चार शब्दांत समजूत काढली असती, राग दोन मिनिटंही टिकला नसता. सो तो मेला हे बरंच. ओगियनचं मात्र पटलं, थोडंसं. पण तो सोबत गेला असता तर?

उनाडटप्पू:
जाऊ दे की. सावलीला आवरायला तिच्या नावाने हाक मारायची होती आणि ते नाव गेडचं स्वतःचंच निघालं. ओगियन शेजारी उभा असता तरी हाक गेडलाच मारावी लागली असती.