मदत हवी: जीपीएक्स फाइल पायथनच्या नेस्टेड डिक्शनरीत नीट बसेना

भटका_जीव: नमस्कार मंडळी. आमच्या ट्रेक ग्रुपचे जीपीएस ट्रॅक लीफलेटच्या (वेबवर नकाशे दाखवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) नकाशावर टाकायचेत. फाइली जीपीएक्स १.१ च्या, म्हणजे जीपीएस ट्रॅक साठवायच्या एक्सएमएल प्रकारातल्या. ट्रॅकच्या आत सेगमेंट, सेगमेंटच्या आत पॉइंट. अक्षांश-रेखांश पॉइंटच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, उंची आणि वेळ मात्र त्याच्या पोटातल्या टॅगमध्ये. मला डिक्शनरी-लिस्टची हीच उतरंड जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून साठवायची पद्धत) हवी आहे.

एलिमेंटट्रीने (पायथनचं एक्सएमएल वाचायचं मॉड्यूल) पार्स करून एक रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन लिहिलंय: टॅगचं नाव ही डिक्शनरीतली की (key), आतलं सगळं व्हॅल्यू, आणि तीच की पुन्हा आली तर लिस्ट. हरिश्चंद्रगडाची फाइल झकास चालली, तिच्यात बरेच सेगमेंट आहेत. राजमाचीच्या फाइलीत एकच सेगमेंट, तर तिथे टाइपएरर: ‘स्ट्रिंग इंडायसेस मस्ट बी इंटिजर्स’. शिवाय उंची सगळीकडे नन (None, म्हणजे काहीच नाही) येते. फाइल उघडून पाहिली, आकडे आहेत! टॅग सापडला का हे साध्या इफने तपासतोय.

अर्धविराम: एकच सेगमेंट असला की तुमच्या फंक्शनला लिस्ट करायचं कारणच मिळत नाही, डिक्शनरीच राहते. तिच्यावर लूप फिरवला की हाती सेगमेंट नाही, कीचं नाव येतं, म्हणजे स्ट्रिंग. त्यावरून तो एरर.

खरं सांगू का, कुठल्याही एक्सएमएलला चालेल असं फंक्शन इथे कशाला? जीपीएक्सची रचना ठरलेली आहे. तीन छोटी फंक्शनं करा: ट्रॅक, सेगमेंट, पॉइंट. प्रत्येकात फाइंडऑल वापरा. एक सापडो, शंभर सापडोत की काहीच न सापडो, ते लिस्टच देतं. नेमस्पेसची (टॅगच्या नावाआधी चिकटणारा पत्ता) कटकट असेल तर टॅगच्या आधी महिरपी कंसात तारांकन द्या, पायथन ३.८ पासून चालतं.

उंचीचा घोळ त्या इफमध्येच आहे. एलिमेंटला पोटात दुसरा एलिमेंट नसेल तर तो फॉल्स धरला जातो, मग आत मजकूर असला तरी. ‘इज नॉट नन’ असंच तपासा. आणि मजकूर स्ट्रिंग असतो, फ्लोट करून घ्या.

कोकणकडा_पुणे: एक भर. सोपं पडतं म्हणून सगळे सेगमेंट एका लिस्टमध्ये ओतू नका. सिग्नल गेला किंवा यंत्र बंद झालं की नवा सेगमेंट सुरू होतो. ते जोडलेत तर नकाशावर रेघ सरळ दरीवरून जाईल. लीफलेटची पॉलीलाइन (नकाशावरची रेघ) लिस्टच्या आतल्या लिस्ट घेते, तशाच द्या. क्रम अक्षांश मग रेखांश. जिओजेसन (नकाशाच्या डेटासाठीचं जेसन) केलंत तर उलटा.

भटका_जीव: फाइंडऑलने दोन्ही फाइली चालल्या, उंचीही आली. आभार! आता वेळा साडेपाच तास मागे दिसताहेत.

अर्धविराम: वेळेच्या शेवटी झेड आहे ना? म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ; आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. जेसनमध्ये तशीच ठेवा, दाखवताना आशिया/कोलकाता (भारतीय वेळेचा टाइमझोन) करा.